मेन स्विच बंद केला तरी

आमच्या आणि शेजारच्या काकांच्या घरात एकच भिंत आहे. घरकुल योजनेत घरं मंजूर झाली तेव्हा विटा वाचतील म्हणून दोन्ही घरांनी मधली भिंत सामाईक घातली. काकू भाकरी थापायला बसल्या की तो आवाज इकडे येतो, आणि माझ्या आईची शिलाई मशीन सुरू झाली की तिचा आवाज तिकडे जातो. कोणाकडे पाहुणे आले, कोणाला खोकला झाला, हे विचारावं लागत नाही. गेल्या दिवाळीनंतर या आवाजांमध्ये आणखी एकाची भर पडली. काकांच्या ऑक्सिजनच्या मशीनची.

काका रक्ताच्या नात्यातले नाहीत, पण मला समजायला लागल्यापासून मी त्यांना काकाच म्हणते. त्यांनी सारं आयुष्य कापसाच्या जिनिंगमध्ये काढलं. हंगामात कधी राळेगावकडे, कधी यवतमाळजवळ, जिथे काम असेल तिथे. घरी यायचे तेव्हा भुवयांवर, कानांवर कापसाचे तंतू चिकटलेले असायचे आणि आम्ही पोरं त्यांना म्हातारा म्हणून चिडवायचो. ती धूळ आतही जात होती हे कोणाला दिसलं नाही. शेवटी यवतमाळच्या दवाखान्यात सांगितलं की फुप्फुसं कामातून गेली आहेत, घरी मशीन लावा आणि झोपताना, जागेपणी, जितका जास्त वेळ होईल तितका नळी नाकात ठेवा. जिनिंगच्या सोबत्यांनी आणि विहारातल्या मंडळींनी वर्गणी करून कोणाचं तरी वापरलेलं मशीन आणून दिलं. लहान कपाटाएवढं, खाली चाकं. ते सतत गुणगुणतं आणि मधूनमधून कोणी उसासा टाकावा तसा आवाज काढतं. लाइट गेली की चिरक्या आवाजात ओरडू लागतं. मग काकू धावत जाऊन कोपऱ्यातल्या छोट्या सिलिंडरला नळी जोडतात.

काकांनी माझ्यासाठी काय केलं ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. त्यानंतर आमचं बिल भरलं गेलं नाही आणि आमची लाइट कापली गेली. ते माझं दहावीचं वर्ष होतं. काकांनी कोणाला न विचारता आपल्या घरातून वायर ओढली, भिंतीच्या वरच्या फटीतून आमच्या घरात टाकली आणि टोकाला बल्ब लावला. आई म्हणाली, "भाऊ, तुमचं बिल वाढन ना."

"वाढू द्या वहिनी. पोरगी पास झाली की तिच्या पगारातून कापून घेतो."

त्या बल्बखाली मी दहावी केली. पुढे आमचं मीटर पुन्हा जोडून मिळालं, मी बी.ए. केलं, बी.एड. केलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत गेलं नव्हतं. निकाल लागला त्या दिवशी काकांनी विहारातला माइक सुरू करून साऱ्या वस्तीला सांगितलं आणि माझ्या विषयांची नावं चुकीची सांगितली. आता मी तालुक्याच्या गावी एका खाजगी शाळेत मानधनावर शिकवते. काका मला मास्तरीनबाई म्हणतात. पगारातून त्यांनी कधी काही कापून घेतलं नाही.

यंदा हिवाळा संपता संपता आमचं विजेचं बिल एकदम वाढून आलं. आईला अक्षरं फारशी वाचता येत नाहीत, पण आकडे तिला चांगले कळतात. मापं घेणाऱ्या बाईला ते कळावेच लागतात. ती बिल घेऊन माझ्याकडे आली.

"हे आपलंच हाये काय? पाय बरं नीट."

नाव आमचंच होतं. आकडा नेहमीच्या कितीतरी पट होता. आमच्या घरात एक पंखा, दोन बल्ब, एक जुना कूलर, माझा लॅपटॉप आणि आईच्या शिलाई मशीनला बसवलेली मोटर. मला वाटलं छपाईत चूक झाली असेल. पुढच्या महिन्यात तसंच आलं. त्याच्या पुढच्याही महिन्यात तसंच.

काकू अंगणात तांदूळ निवडता निवडता हसायच्या. "आमच्याकडं तर दिवसभर मशीन चालून राह्यली, तरी आमचं बिल इतुकसं. तुमच्या घरी काय चालते वं बाई? पोरीचं ते लॅपटॉप करंट पिते वाटते."

आई म्हणायची, "पेत असन बापा. शिकलेलं मशीन हाये, जास्तच पेते."

दोघी हसायच्या. काका आतून म्हणायचे, "माही मशीन गरीब हाये, कमी खाते." त्यांना एवढं बोलायलाही मध्ये थांबावं लागायचं. मशीन घरी आणून देणाऱ्यानं काकूंना सांगितलं होतं की याला फारसा करंट लागत नाही. त्यांचं बिल कमी आलं तेव्हा त्यांना ते खरं वाटलं. आम्हालाही वाटलं.

आम्ही आमच्याकडचं एकेक बंद करत गेलो. आधी कूलर. चैत्र लागला होता, पत्र्याचं छप्पर दुपारी हात लावू देत नव्हतं, तरी बंद. मग आईनं शिलाई मशीनची मोटर काढून ठेवली आणि पुन्हा पायानं मशीन चालवू लागली. लग्नसराई होती, ब्लाउजचे गठ्ठे पडले होते. संध्याकाळी ती गुडघ्यांना तेल चोळत बसायची आणि मी विचारलं तर म्हणायची, "कायले काळजी करते? हातपाय हाये तोवर चालते." बिल आलं ते तेवढंच. आम्ही घरात काहीही बंद केलं तरी त्या आकड्याला फरक पडत नव्हता. आजारी माणसाचा ताप कशानंही उतरू नये तशी हतबलता त्या दिवसांत आमच्या घरात होती.

मी वीज कार्यालयात गेले. शाळा सुटल्यावर, एसटीच्या आधी जेवढा वेळ मिळायचा तेवढ्यात. खिडकीमागचे बाबू वाईट नव्हते. थकलेले होते. त्यांच्यासमोर माझ्यासारखे पुष्कळ उभे होते, प्रत्येकाच्या हातात बिल.

"मॅडम, आधी भरा, मग तक्रार करा."

"सर, वापरच नाही तर भरू कशाचं?"

"मीटर म्हणते वापर आहे. मीटर काय तुमच्याशी दुश्मनी करून राह्यलं काय?"

मागून एक म्हातारे बाबा म्हणाले, "करते ना साहेब, माह्याशी तं करून राह्यलं." सगळे हसले, बाबूसुद्धा. पण बिल तसंच राहिलं.

एका रविवारी मी स्वतःच खात्री करायची ठरवली. घरातला मेन स्विच बंद केला. पंखा थांबला, सगळं थांबलं. बाहेर आले. आमची आणि काकांची मीटरं समोरच्या भिंतीवर एकाच लाकडी पाटीवर शेजारी शेजारी आहेत. माझं कॉलेज चालू असताना वस्तीत नवीन मीटरं बसवली, तेव्हा वायर कमी लागावी म्हणून जोडघरांची मीटरं अशीच एकत्र ठोकली होती. आमच्या दाराकडचं आमचं, त्यांच्या दाराकडचं त्यांचं, असं आम्ही तेव्हापासून धरून चाललो. आमच्या बिलावरचा मीटर नंबरही आमच्या दाराकडच्याच मीटरवर होता. मी त्याच्यावरच्या, वापराबरोबर लुकलुकणाऱ्या लाल दिव्याकडे पाहिलं. घरातलं सगळं बंद असूनही तो लुकलुकत होता. एकसारखा, न थांबता.

मला इतका आनंद झाला की मी आईला हाक मारली. "आई, सापडलं! मीटर खराब आहे. आपोआप पळतंय." मी मोबाईलमध्ये व्हिडिओ काढला, बंद पंख्यापासून लुकलुकत्या दिव्यापर्यंत. काकू, काका, सगळ्यांना दाखवला. काका नळी सावरत म्हणाले, "शिकली म्हणून कळलं बाप्पा. आमच्यासारखा असता तं भरत बसला असता." त्या दिवशी मला माझ्या शिक्षणाचा अभिमान वाटला.

मी अर्ज लिहिला. मुलांना निबंध शिकवते तितक्या काळजीनं लिहिला: मीटर सदोष आहे, तपासणी करावी, जादा आकारणी रद्द करावी. तपासणीची फी भरली. मधल्या काळात मोबाईलवर सूचना आली की थकबाकी न भरल्यास पुरवठा खंडित करण्यात येईल. आईनं ती वाचून दाखवायला लावली आणि राहिलेले ब्लाउज मोजायला घेतले. तिला अंधाराची भीती नव्हती. लग्नांच्या तारखा डोक्यावर होत्या, आणि लाइट नसलेल्या घरात बाया कपडे टाकत नाहीत, हे तिनं एकदा अनुभवलं होतं.

लाइनमन आला तो सकाळी, उन्हं चढायच्या आत. पन्नाशीचा माणूस, सायकलला शिडी बांधलेली. माझा व्हिडिओ त्यानं पाहिला आणि मोबाईल परत दिला. आईनं चहा ठेवला. काकू दारात उभ्या राहून मजा पाहत होत्या. "पाहा बापा नीट, आमच्या बाईच्या घरात भूत करंट पेऊन राह्यलं."

त्यानं आधी मीटरला आपलं यंत्र लावून पाहिलं. "मीटर तं बरोबर हाये, मॅडम." मग म्हणाला, "घरात काय चालू हाये?"

"पंखा."

"राहू द्या चालू." आणि त्यानं आमच्या मीटरचं कटआउट, म्हणजे फ्यूज, ओढून काढलं.

मी दारातून आत पाहिलं. पंखा फिरत होता. मला काही समजलं नाही. कटआउट त्याच्या हातात होतं, आणि पंखा फिरतच होता. तेवढ्यात भिंतीपलीकडून तो चिरका आवाज सुरू झाला. काकांच्या मशीनचा. लाइट गेल्यावर येतो तो.

काकू आत पळाल्या. सिलिंडरचा खडखडाट ऐकू आला. लाइनमननं घाईनं कटआउट परत बसवलं आणि आवाज थांबला. मग मशीनची गुणगुण पुन्हा सुरू झाली. आम्ही तिघं अंगणात उभे होतो, तो, आई आणि मी. चहा ओट्यावर तसाच होता.

"वायर अदलाबदल झाल्या," शेवटी तो म्हणाला. "बसवतानाच. या मीटरची लाइन तिकडं गेली, तिकडची इकडं आली. दोन्ही घरी सारखाच वापर होता तोवर कोणाच्या ध्यानात येनार नाई." त्यानं काकांच्या दाराकडे पाहिलं. "मशीन आली आणि फरक पडला."

म्हणजे आम्ही कूलर बंद केला, मोटर काढली, त्याची बचत काकांच्या बिलात जात होती. आणि आमच्या मीटरवर मी व्हिडिओ काढला तो लाल दिवा काकांच्या श्वासाचा होता.

आईला हे माझ्याआधी कळलं असावं. ती लाइनमनच्या जवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, राहू द्या ना मग तसंच. आम्ही भरू हप्त्याहप्त्यानं."

"कसं राहू देऊ बाई? अर्ज तुमच्याच पोरीचा हाये. रिपोर्ट द्यावा लागते मले."

"अर्ज वापस घेते ती. घेते ना वं?"

मी म्हणाले, "घेते." खरंच घ्यायला तयार होते. पण लाइनमननं नकारार्थी मान हलवली. आता त्याला माहीत झालं होतं, आणि माहीत झाल्यावर तसंच ठेवलं तर त्याच्या नोकरीवर येणार होतं. त्याचं चुकत नव्हतं. या साऱ्या प्रकरणात कोणाचंच चुकत नव्हतं, आणि मला रडू येत होतं ते त्यामुळेच. भांडायला समोर कोणी असतं तर बरं झालं असतं.

त्यानं वायरी बरोबर जोडल्या. त्या वेळात मशीन पुन्हा ओरडलं, काकू पुन्हा सिलिंडरकडे धावल्या. जाताना त्यानं आम्हाला बजावलं, "आता या घरातून त्या घरात वायर देऊ नका. सापडलं तं दोन्ही घरची लाइट काटते, आणि केस होते ती वेगळी."

पुढच्या महिन्यात बाबूंनी मला खिडकीतूनच ओळखलं. "झालं बरं मॅडम तुमचं काम. जेवढं जास्त लागलं होतं ते वजा केलं. पेढे पाहिजेत आता." मी विचारलं, वजा केलेलं कुठे गेलं. ते म्हणाले, "ज्याचा वापर त्याच्या खात्यात. तुम्हीच तर लिहिलं होतं ना, ज्यानं वापरलं नाही त्यानं का भरावं?" ते वाक्य माझ्या अर्जातलं होतं. त्यांना ते आवडलं होतं म्हणून लक्षात राहिलं होतं.

काकांच्या घरी बिल आलं त्या संध्याकाळी काकू अंगणात आल्या नाहीत. भिंतीपलीकडे भाकरीचा आवाजही फार उशिरा आला. आई कपड्यांच्या घडीत पैसे ठेवते, ते तिनं काढले आणि आम्ही दोघी गेलो. काका खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. नळी नाकात होती. आईनं पैसे खाटेच्या कडेला ठेवले.

"उचला वहिनी."

"भाऊ, तुम्ही आम्हाले वायर देल्ली तेव्हा विचारलं होतं काय?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी. तेव्हा मी धडधाकट होतो." ते थांबले, श्वास घेतला. "इतके महिने मी तुमच्या पायावर जगलो ना. तुम्ही पायानं मशीन चालवून राह्यल्या, आन् इकडं मी आरामात पडून करंट पेऊन राह्यलो. अन् हसत होतो वरून. माही मशीन गरीब हाये म्हणे."

काकू तोंडाला पदर लावून चुलीकडे वळल्या.

मी म्हणाले, "काका, मी आपल्याकडून वायर देते. भिंतीची फट अजून तशीच आहे."

ते हसले. पहिल्यासारखं, ओठांच्या एका बाजूनं. "त्या फटीतून पुन्हा वायर टाकतं? अन् सापडलं तं? पेपरात येईन, मास्तरीनबाईनं लाइट चोरली. नाई पोरी. तू शिकली ते त्याच्यासाठी नाई."

एवढंच बोलले. पैसे काकूंनी आईच्या हातात परत कोंबले. दोघींची थोडा वेळ झटापट झाली, जशी पाहुण्याच्या हातावर नोट ठेवताना होते. पण यात हसू नव्हतं. शेवटी आईच हरली.

मी त्यानंतरही कार्यालयात गेले. घरी असं मशीन असणाऱ्यांसाठी काही सवलत असते का ते विचारायला. नवा अर्ज लिहिला, डॉक्टरांचा कागद जोडला. बाबूंनी खुर्चीवर बसायला सांगितलं, आता ते मला मान देतात. म्हणाले, माझ्या हातात काही नाही मॅडम, मी वर पाठवतो, तोवर हप्ते पाडून देतो. हप्ते पाडून मिळाले. वरून अजून काही आलेलं नाही. शाळेत मी मुलांना अर्जलेखन शिकवते, विषय, संदर्भ, आपला विश्वासू, आणि फळ्याकडे तोंड करून उभी असते तेव्हा माझ्या अर्जातलं ते वाक्य आठवतं. तरी शिकवते. त्यांना लागणार आहे.

आमचं बिल आता बरोबर येतं. पूर्वीइतकंच. आईनं मोटर पुन्हा बसवली, कूलर झाकून ठेवला होता तो काढला.

पलीकडचं मशीन आता दिवसभर चालत नाही. काकू म्हणतात, "बसून असले की लागत नाई त्याईले. झोपताना लावतो." डॉक्टरांनी असं सांगितलेलं नाही हे आम्हाला माहीत आहे आणि आम्हाला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. सकाळी मी शाळेत निघते तेव्हा काका अंगणात खुर्चीवर बसलेले असतात, नाकात नळी नसते, ओठ जरा निळसर दिसतात. "निघाली काय मास्तरीनबाई?" एवढं म्हणायला पूर्वी त्यांना एक श्वास पुरायचा.

परवा शाळेला सुट्टी होती. दुपारी आई शिवत होती, मी वह्या तपासत होते. अचानक आईनं पाय थांबवला. मोटर बंद झाली. ती भिंतीकडे पाहत होती. मीही ऐकलं. गुणगुण नव्हती, उसासाही नव्हता. काकूंच्या बांगड्यांचा आवाज आला, मग तोही थांबला. मी उठायला लागले तेव्हा आईनं हातानं खुणावून मला बसवलं. थोड्या वेळानं पलीकडे काका खोकले. लांब, कोरडा खोकला.

आईनं मान खाली घातली आणि ब्लाउजची बाही सुईखाली सरळ केली. पण मोटर तिनं पुन्हा सुरू केली नाही. पायानंच, हळूहळू, आवाज होऊ न देता शिवत राहिली.